बर्फाळ रस्त्यावर निघण्याआधी: टायर कोणते, हवा किती

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही असते. तिच्यात प्रत्येक नोंदीला तारीख, बाहेरचं तापमान आणि चार आकडे लिहिलेले आहेत: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. अकरा हिवाळ्यांचा हिशेब आहे तो. माझी ड्यूटी पहाटे साडेपाचला सुरू होते. रस्त्यावरचं हिम बाजूला सारणारी, मीठ टाकणारी गाडी येण्याआधीच मला घर सोडावं लागतं. त्यामुळे रस्ता जसा असेल तशा रस्त्यावरून जायचं, आणि माझ्या हातात काय आहे तर टायर, त्यातली हवा आणि वेग, एवढंच.

वहीची सुरुवात एका चुकीने झाली. पहिल्या हिवाळ्यात टायर बदलायला गेले तेव्हा बसवणाऱ्याने सांगितलं, "तुमच्या गाडीची पुढची चाकं ओढतात ना, मग हिवाळी टायर पुढच्या दोनच चाकांना घाला, पुरे." मला पटलं. निघताना गाडी खरंच झकास उचलायची, चाकं फिरत राहायची नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एका उतारावर, हलक्या वळणावर, मी फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पुढच्या चाकांनी रस्ता धरला, मागच्यांनी सोडला. गाडीचं मागचं टोक बाहेर फेकलं गेलं, गाडी अर्धी फिरली आणि कडेच्या हिमाच्या ढिगात जाऊन बसली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून कुणाला काही झालं नाही. त्या दिवसापासून मी या विषयात डोकं घातलं. जे समजलं ते इथे सांगते आहे, कारण पहिल्यांदाच अशा रस्त्यांवर गाडी घेऊन निघणाऱ्या माणसाला या गोष्टी कोणी सलग बसवून सांगत नाही.

आधी एक साधा हिशेब करून बघा. दीड टनाची गाडी, चार चाकं, म्हणजे एका चाकावर साधारण पावणेचारशे किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असेल तर प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम १६५-१७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढा. असे चार तळहात. गाडी कितीही मोठी असो, चारही चाकं ओढणारी असो, ब्रेक कितीही आधुनिक असोत, सगळं या चार तळहातांतूनच रस्त्यापर्यंत पोचतं.

आता ताशी ५० किलोमीटर वेग धरा. कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यावर गाडी साधारण १४ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या हिमावर (हिम म्हणजे आकाशातून पडतं ते, बर्फ म्हणजे रस्त्यावर गोठलेलं पाणी) तेच अंतर ४० मीटरच्या आसपास जातं. गुळगुळीत बर्फावर, जिथे घर्षण कोरड्या रस्त्याच्या सातव्या हिश्श्यावर येतं, तिथे ते जवळजवळ १०० मीटर होतं. यात तुमचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गाडी जे अंतर कापते ते धरलेलंच नाही. वेग ३० वर आणला तर बर्फावरचे १०० मीटर ३५ होतात. टायर आणि हवेबद्दल पुढे मी जे काही सांगणार आहे ते या आकड्यांच्या आत राहून वाचा. उत्तम टायर हे अंतर कमी करतो, पण बर्फाचं डांबर करत नाही.

आणखी एक: बर्फ सगळ्यात घातक असतो तो कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर शून्याच्या आसपास. उणे २० ला बर्फ कोरडा असतो, रबर त्याला थोडं तरी धरतं. शून्याला त्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि टायर त्या पाण्यावर तरंगतो. "आज थंडी कमी आहे" म्हणून निर्धास्त निघालेल्या दिवशीच मी जास्त गाड्या कडेला गेलेल्या पाहिल्या आहेत. पूल, झाडांच्या सावलीतले पट्टे आणि चौकातली थांब्याची जागा ही तीन ठिकाणं आधी गोठतात किंवा आधी घासून गुळगुळीत होतात.

टायर हिवाळी होतो तो रबरामुळे

लोक टायरची नक्षी बघतात. आधी बघायचं ते रबर. उन्हाळी टायरचं रबर गरम रस्त्यावर घट्ट राहावं म्हणून बनवलेलं असतं. पारा खाली आला की ते कडक होत जातं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागावर बसत नाही. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका असते, बहुतेकदा नैसर्गिक रबराचं प्रमाणही जास्त असतं, त्यामुळे ते थंडीतही मऊ राहतं. बदलायची वेळ म्हणून ७ अंश सेल्सिअसचा आकडा सांगितला जातो. ७ ला काही जादू घडत नाही, पण पहाटेचं तापमान आठवडाभर त्याच्या खाली राहू लागलं की टायर बदलायची वेळ झाली, हे गणित मला सोयीचं वाटतं. पहिलं हिम पडायची वाट बघितली तर टायर बसवणाऱ्याकडे तुमच्यापुढे रांग असेल, आणि तुम्ही त्या रांगेत जाणार ते उन्हाळी टायरवरूनच.

नंतर नक्षी. हिवाळी टायरच्या नक्षीतल्या प्रत्येक रबरी ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा असतात. त्यांना साइप म्हणतात; १९२३ मध्ये अमेरिकेत पेटंट घेणाऱ्या जॉन साइप यांचं ते नाव. टायर रस्त्याला टेकला की या चिरा किंचित उघडतात, त्यांच्या धारा बर्फाला चावतात आणि वरचं पातळ पाणी आत ओढलं जातं. मोठ्या खाचांचं काम वेगळं. त्या हिम आत भरून घेतात. ऐकायला उलटं वाटेल, पण खाचांत भरलेलं हिम हे चांगलं लक्षण आहे: हिमावर रबराची पकड जेवढी बसते त्यापेक्षा हिमाची हिमावर चांगली बसते. मूठभर हिम दाबून गोळा करा म्हणजे कळेल.

ही कल्पना जुनी आहे. फिनलंडमधल्या नोकिया गावात १९३४ साली ट्रकसाठी खास हिवाळी टायर तयार झाला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठीचा 'हाक्कापेलिटा' आला. नव्वद वर्षांत रबर बदललं, नक्षी बदलली, पण हिवाळ्यासाठी वेगळा टायर हवा, ही मूळ गोष्ट तशीच राहिली.

टायरच्या बाजूवर काय वाचायचं

टायरच्या बाजूवर 'एम+एस' दिसलं म्हणजे हिवाळी टायर मिळाला असं समजू नका. ती चिखल आणि हिम यांच्या इंग्रजी शब्दांची (मड, स्नो) पहिली अक्षरं. नक्षी मोकळी आहे असं उत्पादकाने आपलं आपण सांगितलेलं असतं. त्या अक्षरांमागे हिमावरची चाचणी असलीच पाहिजे असं नाही. शोधायचं ते चिन्ह म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमाची सहा टोकांची चांदणी. ते १९९९ पासून वापरात आहे आणि ते मिळवायला टायरला हिमावर ठरलेल्या तुलना-टायरपेक्षा चांगली पकड दाखवावी लागते. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हेच चिन्ह चालतं, नुसतं एम+एस चालत नाही.

पण या चिन्हाचीही मर्यादा लक्षात ठेवा: ती चाचणी हिमावरची आहे, बर्फावरची नाही. बर्फावरच्या पकडीसाठी युरोपीय संघाच्या टायर-लेबलवर २०२१ पासून वेगळं चिन्ह आलं आहे. तुमचा रस्ता महिनोन्महिने गोठलेला असेल तर तेही शोधा.

इथून खरी निवड सुरू होते, आणि ती दुकानदाराला विचारण्याआधी स्वतःला विचारायची असते: माझ्या रस्त्यावर हिवाळ्यात बहुतेक दिवस काय असतं?

ओला, थंड, मिठाचं पाणी वाहणारा रस्ता आणि मधूनमधून हिम असेल, तर डोंगरी हवामानासाठी बनवलेले, थोडे घट्ट रबराचे हिवाळी टायर घ्या. ओल्या डांबरावर ते जास्त भरवशाचे असतात आणि महामार्गाच्या वेगाला लुळे पडत नाहीत. डिसेंबर ते मार्च बर्फ वितळतच नसेल, तर उत्तरेकडच्या देशांसाठी बनवलेले, बिनखिळ्यांचे (रबरात धातूचे खिळे न बसवलेले), खूप मऊ रबराचे आणि दाट चिरांचे टायर हवेत. बर्फावर ते पहिल्या प्रकाराच्या कितीतरी पुढे असतात, मात्र पावसात ब्रेक लावलात तर तिथे मागे पडतात. मी आधी पहिला प्रकार वापरायचे. चौथ्या हिवाळ्यात कामाचं ठिकाण बदललं, नवा रस्ता डोंगराच्या उत्तर उतारावरून जाऊ लागला, तिथे ऊनच पोचत नाही. तेव्हा मी दुसऱ्या प्रकाराकडे वळले, आणि पहिल्याच पहाटे फरक पायाला कळला.

तिसरा प्रकार खिळ्यांचा. ओल्या, गुळगुळीत बर्फावर त्याच्या तोडीचं काही नाही. पण मोकळ्या डांबरावर खिळे आवाज करतात, रस्ता खरवडतात, आणि तिथे त्यांची पकड कमीच असते. जर्मनीने १९७५ पासून ते जवळजवळ पूर्ण बंद केले. जपानने खिळ्यांमुळे उडणाऱ्या रस्त्याच्या धुळीपायी १९९० मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा केला. म्हणून खिळे घेण्याआधी तुमच्या भागात आणि तुम्ही जाणार त्या भागात त्यांना परवानगी आहे का, कोणत्या तारखांना आहे, हे पक्कं करा. नवे खिळ्यांचे टायर बसवले की पहिले ५०० किलोमीटर शांतपणे चालवा, झटक्याने वेग घेऊ नका, जोरात ब्रेक मारू नका. खिळा रबरात नीट बसायला तेवढा अवधी लागतो, नाहीतर तो लवकर निसटतो.

बारमाही टायर? शिखर-चांदणीचं चिन्ह असलेले चांगले बारमाही टायर वर्षातून चार-सहा दिवसच हिम बघणाऱ्याला पुरतात. रोज पहाटे निघणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

माप, वय, आणि चारही चाकं

चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरची जी मापं लिहिलेली असतात त्यांपैकी अरुंद माप निवडा. अनेक गाड्यांना २०५/५५ आर१६ च्या जागी १९५/६५ आर१५ चालतं (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण टायर अरुंद आणि त्याची बाजू उंच होते. अरुंद टायर हिम आणि बर्फाचा राडा कापत खाली रस्त्यापर्यंत जातो, रुंद टायर त्यावर चढून बसतो. बाजू उंच असल्याने गोठलेल्या खड्ड्यात रिम वाकण्याची भीतीही कमी. मात्र छोटी रिम तुमच्या ब्रेकवर बसते की नाही हे गाडीच्या पुस्तिकेतूनच ठरवा, अंदाजाने नाही.

भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, कधीच कमी घेऊ नका. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, आणि गाडीला ९१ हवा असेल तर ८८ चा टायर स्वस्त मिळतो म्हणून घ्यायचा नाही. वेगाचं अक्षर मात्र हिवाळी टायरला बऱ्याच ठिकाणी खालचं चालतं. 'क्यू' म्हणजे १६० पर्यंत, 'टी' म्हणजे १९०. बर्फाळ रस्त्यावर तो वेग कोणाला हवा असतो?

वय बघायला टायरच्या बाजूवर 'डॉट'नंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३८२३ म्हणजे २०२३ सालचा अडतिसावा आठवडा. माझा नियम सहा हिवाळ्यांचा आहे. नक्षी शिल्लक असली तरी त्यानंतर रबर कडक झालेलं असतं, नखाने दाबून बघितलं तरी कळतं. नक्षीची खोली बऱ्याच देशांत कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण हिमावर ४ मिलिमीटरच्या खाली टायर हिवाळी राहत नाही. ऑस्ट्रियात तर ४ मिलिमीटरच्या खालचा टायर हिवाळी म्हणून धरतच नाहीत. नव्या टायरमध्ये ही खोली ८-९ मिलिमीटर असते. मोजायचं साधं प्लास्टिकचं माप मिळतं, ते टायरच्या मधल्या खाचेत घाला, कडेच्या नाही, आणि प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजा.

आणि चारही चाकांना एकच टायर. माझी गाडी फिरली ती हे पाळलं नव्हतं म्हणूनच. पुढची चाकं वळवतात आणि ब्रेकचा बहुतेक भार घेतात, मागची गाडी सरळ ठेवतात. मागच्यांनी पकड सोडली की सामान्य चालकाला गाडी सावरायला वेळच मिळत नाही. चारमध्ये दोन जास्त झिजलेले असतील तर चांगले दोन मागे घाला, गाडी कुठल्या चाकांनी ओढत असली तरी. चारही चाकं ओढणारी गाडी निघताना मदत करते, थांबताना नाही. थांबताना प्रत्येक गाडी चारच चाकांवर थांबते.

बसवल्यावर टायरच्या बाजूवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेलाच आहे ना, हे स्वतः वाकून बघा. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर चाकांचे नट पुन्हा ठरलेल्या जोराने आवळून घ्या.

हवा

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण टायर वर्षातून दोनदा बदलतो, हवा रोज बदलते.

बंद जागेतली हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. मोटारीच्या टायरसाठी ढोबळ हिशेब असा: दर ६ अंश सेल्सिअसला सुमारे १ पीएसआय. माझ्या वहीतलं एक पान सांगते. संध्याकाळी बंदिस्त, उबदार जागेत २० अंशाला चारही चाकांत ३२ भरले. गाडी रात्रभर बाहेर राहिली. पहाटे उणे १२ ला मोजलं तर २७. पंक्चर नाही, गळती नाही, ३२ अंशांच्या फरकाने पाच पीएसआय गेले. याशिवाय रबरातून हवा थोडी झिरपतेच, महिन्याला साधारण १ पीएसआय. ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत बघणारा माणूस आठ-आठ पीएसआय कमी हवेवर फिरत असतो आणि दोष टायरला देतो.

किती भरायची? टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा नाही. तो टायर सोसू शकेल असा कमाल दाब आहे. तुमचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणामागे. पुढचा आणि मागचा वेगळा असू शकतो, माणसं आणि सामान भरलेल्या गाडीसाठीही वेगळा असतो. तो आकडा थंड टायरचा आहे: गाडी निदान तीन तास उभी, किंवा दोनेक किलोमीटरपेक्षा जास्त न चाललेली.

आता गोम अशी की 'थंड' म्हणजे बाहेरच्या हवेइतका थंड. उबदार गॅरेजमध्ये १८ अंशाला बरोबर ३२ भरले आणि उणे १० मध्ये बाहेर पडलात, तर तासाभरात ते साडेसत्तावीसच्या जवळ येतात. म्हणून आत भरायची वेळ आली तर फरक जोडा: २८ अंशांचा फरक भागिले ६, म्हणजे साडेचार. ३६-३७ भरा, बाहेर जाऊन ते ३२ च्या आसपास बसतील. उलट, रस्त्यात पंपावर गरम टायर मोजला आणि आकडा स्टिकरपेक्षा ३-४ ने जास्त दिसला तर हवा सोडू नका. चालून गरम झालेला टायर तेवढा वर दाखवणारच. तिथे सोडलेली हवा दुसऱ्या दिवशी पहाटे कमी पडते.

मी स्वतः स्टिकरचा आकडा त्या दिवसाच्या थंडीत भरते, आणि पुढच्या आठवड्यात पारा बराच उतरणार असं दिसलं तर २ पीएसआय वर ठेवते. हिवाळी टायर बनवणारे काही उत्पादकही ०.२ बार, म्हणजे ३ पीएसआय, जास्त ठेवायला सांगतात: ठोकळे मऊ असतात, थोडी जादा हवा त्यांना वळणावर सांभाळते. त्यापेक्षा वर जाऊ नका. टायर फुगून मधल्याच पट्टीवर टेकायला लागला की तळहात लहान होतो.

"बर्फावर हवा कमी करा, टायर पसरतो, पकड वाढते." हा सल्ला मला दरवर्षी कोणी ना कोणी देतं, आणि देणारा मनापासून देतो. त्यात खऱ्याचा अंश आहे म्हणूनच तो टिकला आहे. हवा कमी केली की टेकणारं क्षेत्र वाढतं. वर केलेल्या हिशेबात ३२ चे २७ केले तर १६७ चौरस सेंटिमीटरचे १९८ होतात. पण वाढ कुठे झाली ते बघा. भार टायरच्या दोन्ही कडांवर जातो, मधली पट्टी सैल पडते, आणि चिरा ज्या तऱ्हेने उघडायला हव्यात त्या तऱ्हेने उघडत नाहीत. सरळ रेषेत थोडं काही मिळालंच तरी वळणावर टायरची बाजू लवते, स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी उशिरा ऐकते. निसरड्या रस्त्यावर तो उशीर फार महाग असतो.

त्याहून मोठं कारण राड्याचं आणि पाण्याचं. नासाचे वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या चाकांवरून मांडलेला एक नियम आहे: टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्या सूत्राने ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटर येतो, २४ ला ८२. मोटारीला हे आकडे जसेच्या तसे लावू नका, नक्षी झिजलेली असेल तर त्याच्या कितीतरी आधी टायर तरंगतो. पण दिशा स्पष्ट आहे: हवा कमी, तर तरंगणं लवकर. आणि हिवाळ्यातल्या रस्त्यावर वितळलेला राडा रोजचाच असतो.

हवा कमी करणं उपयोगी पडतं ते खोल, भुसभुशीत हिमात, रस्ता सोडून, चालत्या माणसाच्या वेगाने. आइसलंडच्या हिमनद्यांवर मोठ्या चाकांच्या जीप अगदी थोड्या पीएसआयवर चालवतात. तिथे टायर हिमावर पसरून तरंगायलाच हवा असतो. त्या गाड्यांत पुन्हा हवा भरायचा कॉम्प्रेसरही असतो. तुमची गाडी हिमात रुतली आणि दुसरा काहीच इलाज नसेल तर १८ पर्यंत उतरवून बाहेर काढा, पण हवा भरल्याशिवाय रस्त्याला लागू नका. (सायकलवाल्यांसाठी वेगळं: तिथे बर्फावर थोडी कमी हवा खरंच मदत करते, वेग आणि भार दोन्ही लहान असतात.)

हवा कमी झाल्याचा दिवा डॅशबोर्डवर असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका. अमेरिकी नियमाप्रमाणे तो २५ टक्के हवा गेल्यावर लागतो, युरोपात २० टक्क्यांवर. म्हणजे ३२ चे २४ होईपर्यंत तो गप्प राहू शकतो. पहाटे लागला आणि दहा मिनिटांनी विझला तर 'सेन्सर बिघडला' म्हणू नका. थंडीत हवा सीमेच्या खाली होती, टायर गरम झाल्यावर सीमेच्या वर आली, एवढंच घडलं. हवा अजूनही कमीच आहे.

नायट्रोजनबद्दल विचारलं जातं. थंडीत तोही तेवढाच आकसतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्याचा एक फायदा खरा आहे: तो कोरडा असतो. साध्या कॉम्प्रेसरमधून कधीकधी पाणी येतं, ते व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हवा रात्रभर हळूहळू जाते. माझ्याकडे हे एकदा झालं. मागचं उजवं चाक तीन पहाटे सलग पाच-पाचने उतरलेलं, बाकीची तीन जिथल्या तिथे. वही नसती तर मी ते थंडीच्या नावावर खपवलं असतं. चारही चाकं सारखी उतरली तर थंडी, एक जास्त उतरलं तर गळती. व्हॉल्व्हची टोपी कधीही विसरू नका, आणि ती प्लास्टिकची असू द्या. धातूची टोपी मिठाच्या पाण्याने व्हॉल्व्हवरच गंजून बसते.

मापक स्वतःचं ठेवा, काट्याचं. बॅटरीवरचं कडाक्याच्या थंडीत ऐन वेळी दगा देतं. आठवड्यातून एकदा, आणि पारा एकदम दहा अंशांनी हलला की त्या दिवशीही, निघण्याआधी मोजा. चार चाकांना चार मिनिटं लागतात. हातमोजे काढावे लागतात, तेवढं सोसायचं.

निघताना

चाकांच्या कमानीत गोठलेला राडा पायाने ठोकून पाडा, नाहीतर वळताना टायर त्याला घासतो. रिमच्या आत बर्फ चिकटला असेल तर वेग घेताच स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग गेलं असं वाटतं, पण आधी आतला बर्फ काढा.

हंगामाच्या सुरुवातीला, आणि टायर बदलले की प्रत्येक वेळी, मी एका रिकाम्या मोकळ्या जागी जाते. मागे-पुढे कोणी नाही हे बघून २० च्या वेगाला ब्रेक पूर्ण दाबते. पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) धडधड कुठे सुरू होते, गाडी किती पुढे जाते, सरळ थांबते की एका बाजूला ओढते, हे बघते. नंतर हळू वेगात थोडं वळण घेऊन पुन्हा तेच. नव्या रस्त्यावर पहिल्या शंभर मीटरमध्ये, मागे गाडी नसताना, एकदा हलका ब्रेक लावून रस्ता कसा आहे ते विचारून घेते. हे दोन्ही न चुकता करा. टायरबद्दल वाचून जे कळत नाही ते पायाला कळतं.

हिवाळा संपला की टायर उतरवताना प्रत्येकावर खडूने जागा लिहा: पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ. पुढच्या वर्षी झिजेप्रमाणे पुढे-मागे बदलायचे आहेत, दिशेचा बाण असेल तर बाजू तीच ठेवून. मिठाचं पाणी धुऊन, खाचांतले खडे काढून, पूर्ण वाळवून अंधाऱ्या थंड जागी ठेवा. रिमसकट असतील तर एकावर एक आडवे, नुसते टायर असतील तर उभे आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवून. विजेच्या मोटरजवळ नको, तिथला ओझोन रबराला भेगा पाडतो. उतरवतानाच खोली मोजून वहीत लिहा. या मार्चमध्ये माझ्या मागच्या दोन टायरना ४.५ मिलिमीटर भरले. तो हंगाम त्यांचा शेवटचा, नवे चार मी सप्टेंबरात सांगून ठेवणार आहे.